अनुक्रमांक चारशे बारा

बयाबाईंच्या दाराच्या कडीवर दोन हात एकदमच पडले.

एक वर्षाराणीचा. दुसरा कुणाचा, ते तिनं वळून पाहिलं. छातीवर शिट्टी निशाणीचा बिल्ला, बुटांवर गल्लीची सगळी धूळ, आणि चेहऱ्यावर असं हसू, जणू गडी निवडून आल्यातच जमा!

"पहिल्यांदा तुमी," तो म्हणाला. "न्हायतर म्हणशीला, शिट्टीवाल्यांना रीत न्हाय."

"रीत असती तर सकाळी सातला गल्लीत भोंगा लावला नसता."

"भोंगा न्हवता तो. मीच वरडत हुतो."

ती खुदकन हसली... आणि स्वतःच दचकली. श्रावणापासून हे हसू कुठं होतं?

बयाबाईंनी दार उघडलं, दोघांना नीट न्याहाळलं. "जोडीनं आलायसा? बरं झालं. बसा, चहा टाकते."

"आवो आज्जी, आमी दोन पार्टीचं!"

"मग? नवरा-बायकू कवा एका पार्टीचं असत्यात?"

वर्षाराणीचे कान तापले. चिठ्ठी देऊन ती भराभर पायऱ्या उतरली. मागून दोन आखूड शिट्ट्या आल्या. तिनं वळून पाहिलं नाही. पण चाल मात्र हळू झाली...

महापालिकेच्या मतदानाला सहा दिवस उरले होते. थंडी होती, पण मंगळवार पेठेत ती कुणाला जाणवत नव्हती. कोपऱ्याकोपऱ्यावर हलगी कडाडत होती, कटवड्याच्या गाडीवर चारी पक्षांचे लोक एकमेकांना टोमणे मारत एकाच ताटलीत खात होते. कॉलेजच्या ग्रंथालयातून रजा काढून वर्षाराणी कपबशीवाल्या क्रांतीताईंसाठी घरोघरी मतदार चिठ्ठ्या वाटत होती. शिट्टीवाला होता अमरेश. शिरोलीच्या एका फौंड्रीत कामाला, मूळचा जयसिंगपूरचा, आणि उमेदवार शिवमूर्तींचा भाचा.

रोज सकाळी दोघांची गल्ली एकच निघायची. कशी कोण जाणे! लांबून दोन शिट्ट्या आल्या, की त्याचा अर्थ चहा. ती ऐकलंच नाही असं दाखवायची आणि टपरीवर त्याच्या आधी पोचायची.

"आमचे आण्णा म्हणतात, शिट्टीवाल्याचा चहा पिऊ नये. घशात हवाच जास्त जाते."

"भेटायला पायजे तुमच्या आण्णास्नी."

ती बशीत बघत राहिली.

आण्णा, म्हणजे तिचे वडील कृष्णात चौगले, तीन निवडणुका ताईंचे पोलिंग एजंट होते. मतदानाच्या खोलीत यादी घेऊन बसायचे. पेठेतलं जे माणूस गेलं असेल, त्याच्या नावापुढं लाल पेन्सिलीनं 'मयत' लिहायचे, म्हणजे त्या नावावर दुसरा कुणी मत टाकून जायला नको. यंदा ती पेन्सिल वर्षाराणीच्या पर्समध्ये होती.

चौथ्या दिवशी अमरेश म्हणाला, "यादी एक रात द्या की. मयत कोण कोण, तेवढं उतरून घेतो. मी जयसिंगपूरचा, मला काय ठावं हितली माणसं?"

"दुसऱ्या पार्टीला यादी देऊ?"

"खोटं मत पडू नये, एवढ्यापुरती आपली पार्टी एकच की."

तिनं दिली. एकतीस नावांपुढं लाल अक्षरं होती. बत्तिसाव्या नावापुढं रोज पेन्सिल टेकायची... आणि तशीच उचलली जायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्ट्या थेट तिच्याच दारात वाजल्या.

"कृष्णात आण्णा हायत का घरात?" अमरेशचा आवाज गल्लीभर घुमला. "तुमच्या लेकीनं आमची सगळी मतं फोडली! निदान तुमचं एक मागाय आलोय!"

आत बनाबाईंच्या, तिच्या आईच्या, हातातली पळी थांबली. वर्षाराणी दारात आली. अमरेशच्या हातात चिठ्ठी होती— अनुक्रमांक चारशे बारा. मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर गेली. फोटो. चंदनाचा हार. त्याचं हसू जागच्या जागी मावळलं.

"यादीत... खूण न्हवती वो."

"नव्हती," ती म्हणाली. "माझ्या हातून झाली नाही."

आणि तिनं दार लावलं.

त्या संध्याकाळी प्रचार संपला. हलग्या थांबल्या, रिक्षांवरचे कर्णे उतरले. पेठ शांत झाली. मधला दिवस गेला. शिट्टी वाजली नाही. दार आपणच लावलं होतं, तरी तिचे कान गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसले होते.

मतदानाच्या दिवशी ती शाळेच्या खोलीत आण्णांच्या जागी, ताईंची एजंट म्हणून बसली. शेजारची खुर्ची सरकली. अमरेश. बिल्ला नाही, शिट्टी नाही, आणि शब्दही नाही. खोलीत रांग सरकत होती.

नऊच्या सुमाराला बनाबाई आल्या. अधिकाऱ्यांनी पुकारलं, "चारशे तेरा, बनाबाई कृष्णात चौगले."

दोघांच्या माना याद्यांवर झुकल्या. तिची नजर त्याच्या यादीवर गेली. एकतीस नावांपुढं 'मयत' होतं. चारशे बारा कोरं.

"तुम्हाला तर कळलं होतं," ती कुजबुजली. "का नाही लिहिलं?"

"ते तुमच्या हातचं काम हाय." तो पुढ्यात बघतच बोलला. "मी निस्ता राखण बसलोय. त्या नावावर कुणी आला असता, तर उठून उभा राह्यलो असतो."

आईच्या बोटाला शाई लागली. वर्षाराणीनं लाल पेन्सिल काढली आणि लिहिलं. शेवटचं अक्षर जरा हललं. मग तिनं पेन्सिल शेजारी सरकवली. त्यानं तोच शब्द, तितक्याच हळू, आपल्या यादीत लिहिला.

"एजंट, बोलणं बंद!" अधिकारी खेकसले. दोघं शाळकरी पोरांसारखी सरळ बसली.

संध्याकाळी बयाबाई दारातच उभ्या होत्या. "कोण आलं गं निवडून?"

"निकाल उद्या, आज्जी."

"पेठंचं कोण इचारतंय? तुमचं सांगा!" असं म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या.

पायरीवर दोघंच उरली.

"आमचे आण्णा म्हणायचे, शिट्टीवाल्याचा चहा पिऊ नये," वर्षाराणी म्हणाली. जरा थांबली. "तुम्ही त्यांना आवडला असता."

तो तिच्या शेजारी पायरीवर टेकला.

"परवा सकाळीपण शिट्टी वाजवाल?"

"परवा? आवो, निवडणूक संपली की."

"म्हणूनच विचारतेय."

अमरेशनं घड्याळ पाहिलं. मतदान संपून अर्धा तास झाला होता, आता शिट्टीला कसली मनाई! त्यानं दोन बोटं ओठांत घातली, आणि परवाची वाट न बघता दोन आखूड शिट्ट्या अशा वाजवल्या, की समोरच्या तालमीतली पोरं खिडकीत आली.

"आलं घालू का न्हाय?" आतून बयाबाई ओरडल्या.

"घाला की," वर्षाराणी म्हणाली. पहिल्यांदाच, अगदी गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात.