होइटच्या शेडमधलं तिसरं इंजिन

ही गोष्ट खरी आहे.

खोटी रचायची असती तर मी रात्र घातली असती, वादळ घातलं असतं, निदान एखादं घुबड तरी. यात त्यातलं काहीच नाही. ऑगस्टमधली भर दुपार, कॅन्ससच्या सपाट माळावर होइट नावाच्या म्हाताऱ्याचं भंगार गाड्यांचं आवार, आणि आमच्या गल्लीतले स्टकी बंधू, व्हर्लिन आणि डेल्मर.

व्हर्लिन रागावलेला होता.

तसा तो दूध नासलं तरी गवळ्याच्या घराण्यावर रागावतो. पण या वेळी कारण रास्त होतं. त्याच्या वडिलांची एकोणसत्तर सालची शेव्हेल गाडी. मधुमेहाने वडिलांची, म्हाताऱ्या ऑर्व्हलची, दृष्टी गेली आणि थोरल्या डेल्मरने एका रविवारी, घरचे चर्चला गेलेले असताना, तिचं मूळ इंजिन काढून विकलं. मासे धरायची होडी घेतली. "बाबा आता थोडेच गाडी चालवणार आहेत?" एवढंच त्याचं म्हणणं.



त्या दिवसापासून ऑर्व्हलने गॅरेजकडे जाणं सोडलं.

मग या उन्हाळ्यात डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, थंडी काही बघतील असं वाटत नाही. व्हर्लिनने हट्ट धरला. बाबांच्या कानावर त्या गाडीचा आवाज एकदा तरी पडलाच पाहिजे. मूळ इंजिन कुठल्या कुठे गेलेलं. तेव्हा तसलंच दुसरं शोधायचं, आठ सिलिंडरचं थोराड, ज्याला आमच्याकडे बिग ब्लॉक म्हणतात. एकट्याने उचलण्यासारखं ते धूड नाही, म्हणून डेल्मर बरोबर.

आमच्याकडे जुनी इंजिनं घेण्याची एक रीत आहे. तेल विचारा, सिलिंडर विचारा, इंजिनाच्या ओतीव लोखंडावरचे सालाचे आकडे टॉर्च लावून वाचा. पण इंजिन ज्या गाडीतून निघालं तिचा मालक कुठे गेला, हे विचारायचं नाही. विचारणारा नवखा ठरतो.

व्हर्लिन नवखा नव्हता.

होइटच्या शेडमध्ये तीन इंजिनं होती. पहिलं नव्या नवरीसारखं केशरी रंगवलेलं.

"हे बघ, कसं झळाळतंय!" डेल्मर म्हणाला.

"तुझ्या होडीसारखंच. भेगा लपवायलाच रंग फासतात, अक्कलशून्या."

दुसऱ्याची तेलाची पट्टी व्हर्लिनने बाहेर ओढली. तेल दुधाळ चहासारखं झालेलं. आत पाणी शिरलेलं.

तिसरं कोपऱ्यात होतं. धुळीने माखलेलं, तेलकट. व्हर्लिनने स्पार्क प्लग काढून पाहिले. बिस्किटासारखे बदामी, निरोगी. आकडेही बाबांच्या गाडीच्या सालाशी जुळणारे.

आणि तेवढ्यात बाहेरची किड्यांची किरकिर थांबली...

एकदम. कुणीतरी दटावल्यासारखी.

व्हर्लिनने लांब दांड्याचा पाना क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मधल्या आसाला लावला आणि इंजिन हाताने फिरवलं. प्लग काढलेले, म्हणजे आत हवेचा दाब नाही. सोडाल तिथे क्रँक थांबायला हवा.

तो थांबला नाही...

सावकाश, जोर लावून, तो उलटा फिरला. पान्याचा दांडा व्हर्लिनच्या मनगटावर असा बसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे नको," डेल्मर दोन पावलं मागे सरला. "व्हर्लिन, याला सोड. मला हे... मला हे बरं वाटत नाही."

इथे चूक झाली. डेल्मर गप्प राहिला असता तर व्हर्लिनने ते इंजिन सोडलंही असतं.

"तुला बरं वाटत नाही? बाबांचं इंजिन विकताना बरं वाटलं होतं ना? मग इथे तू निवडायचं नाहीस. होइट, हेच दे."

होइट टोपी काढून डोकं खाजवत राहिला. "पोरा, एकदा घेतलं की परत घेणार नाही हं मी."

इंजिन बसवायला काही आठवडे गेले. त्यात दोघा भावांमध्ये शिव्या सोडून काही संभाषण झालं नाही. मग एका दुपारी ऑर्व्हलला खुर्चीसकट गॅरेजच्या दारात आणून बसवलं. हातात बर्फाच्या चहाचा ग्लास.

व्हर्लिनने चावी फिरवली.

पहिल्याच झटक्यात इंजिन धडधडलं. जमीन हादरली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं.

मग ते मावळलं.

"कोण ओरडतंय?" ऑर्व्हलने विचारलं.

"कुणी नाही, बाबा. इंजिन आहे."

"मला इंजिन कळतं. मी विचारतोय, ओरडतंय कोण?"

व्हर्लिनने चावी काढली.

इंजिन चालूच...

"जुनी इंजिनं टाकतात थोडा वेळ धापा," डेल्मर म्हणाला. 

व्हर्लिनने बॅटरीची तार उपसली. पेट्रोलची नळी ओढून काढली.

इंजिन चालूच...

तेव्हा ऑर्व्हल उठला. काठी न घेता, कुठेही न धडपडता सरळ गाडीपाशी गेला. दोन्ही तळवे बॉनेटवर ठेवून ऐकत राहिला.

"सावकाश बोल," तो म्हणाला. "शिव्या नंतर दे. आधी काय झालं ते सांग."

थोड्या वेळाने तो भावांना सांगू लागला.

"या इंजिनाचा मालक इस्पितळात होता म्हणे. त्याच्या पोरांनी मागच्या मागे गाडी खोलून इंजिन विकलं. म्हणतोय, मला विचारलं नाही. म्हणतोय... मी अजून मेलो नव्हतो."

इंजिन बंद झालं.

व्हर्लिनला वाटलं, आता डेल्मरचा हिशेब होणार. खरं सांगायचं तर त्याला आतून बरंही वाटलं. पण म्हाताऱ्याचा चेहरा त्याच्याकडे वळला.

"आणि तू? गाडी माझी. तिला इंजिन बघायला गेलात दोघं. मला नेलंत?"

"बाबा, तुमची तब्येत..."

"मी मेलोय का?"



त्याच संध्याकाळी व्हर्लिनने रीत मोडली. होइटला फोन लावून विचारलं, ते इंजिन कुणाच्या गाडीतलं?

पलीकडून होइट म्हणाला, "असलं विचारत नाहीत, पोरा." फोन बंद.

थंडी आली. बर्फ पडून वितळलं. डॉक्टर आता ऑर्व्हलच्या हृदयाला चमत्कार म्हणतात. म्हातारा रोज दुपारी जेवून त्या गाडीत जाऊन बसतो आणि आतून दारं लावून घेतो. टाकीत पेट्रोल नाही. बॅटरी फळीवर पडून आहे. तरी गॅरेजच्या पत्र्याला हात लावला की तो थरथरत असतो. आतून बोलणं येतं. एक आवाज ऑर्व्हलचा.

दोन्ही आवाज चिडलेले असतात.

गेल्या आठवड्यात व्हर्लिनने दाराला कान लावला. आत भांडण नव्हतं. सौदा ठरत असावा तसं शांत बोलणं होतं. बापाचे शब्द त्याला स्वच्छ ऐकू आले.

"धाकट्याचं मी बघतो. थोरला तुझा."

येत्या रविवारी डेल्मर जेवायला येणार आहे. बाबांनीच बोलावलंय, गाडीतून एक फेरी मारू म्हणून.

हे सगळं व्हर्लिनने मला काल कुंपणापाशी उभं राहून सांगितलं. डेल्मरला अजून सांगितलेलं नाही.

"सांगशील ना?" मी विचारलं.

तो बराच वेळ डेल्मरच्या त्या होडीबद्दलच बोलत राहिला.