एलोफचा डावा हातमोजा

दाल नदीकाठच्या गावांत नवरीने भरतकाम केलेले कातडी हातमोजे घालूनच नवरामुलगा चर्चमध्ये जातो, मग बाहेर ऊन का तापलेलं असेना. योलिनच्या लेकीने, मारितने, पिवळसर कातड्यावर लाल लोकरीचे गुलाब भरले, तेव्हा शेजारणी मुद्दाम बघून गेल्या.

तिचा नवरामुलगा एलोफ नदीतून ओंडके सोडणारा गडी. लग्नाआधी त्याने हातमोजे घालून पाहिले आणि डावा चटकन काढला.

"आई, आत कुणाची तरी बोटं आहेत," तो होणाऱ्या सासूला, योलिनला म्हणाला.

"तुझीच असतील. नीट बघ," मारित म्हणाली, आणि सगळे हसले.

योलिनने हातमोजा उलटा केला. आत नुसतं कातडं होतं. फक्त ते कोमट लागलं. चूल तर सकाळपासून थंड होती. तिने तो सुलटा करून परत दिला.

पाद्रीबाबांसमोर उजवा हातमोजा निघाला, डावा निघेना. पंगतीत बायकांनी मारितला छेडलं, एवढं घट्ट कशाला धरायचं गं. एलोफने एका हाताने भाकरी मोडली, बिअरला शिवला नाही. पाहुणे पांगल्यावर योलिनने कात्रीने शिवण उसवली. हात धडधाकट होता. मधल्या बोटाला मात्र घट्टा पडलेला होता. वर्षानुवर्षं कातड्यातून सुई रेटणाऱ्या बाईच्या बोटाला पडतो, तसा. एलोफने जन्मात सुई धरली नव्हती.

त्यानंतर डावा हात ओंडके ओढायचा लोखंडी आकडा धरीना. एलोफचं काम सुटलं. हात मांडीवर पडून काहीतरी चाचपत राही. डॉक्टर आले, पाद्रीबाबा येऊन गेले. शेवटी वैतागून मारितनेच त्या बोटांत सुई दिली.

हात शांत झाला. मग टाके घालू लागला.

एलोफ उजव्या हाताने कातडं धरून खिडकीकडे बघत बसे. "थांबवा ना, आई," तो म्हणे. योलिन मनगट दाबून धरी. तिच्या पकडीतही टाका चुकत नसे. सुया लपवल्या, तर हाताने मेज रक्त येईतो खरवडलं. तिने त्या परत आणून ठेवल्या.

बर्चची पानं पिवळी पडली, तेव्हा काम संपलं.

हाताने दोरा तोडला. जिन्नस मारितपुढे सरकवला.

हातमोजेच होते. अंडं जेमतेम मावेल एवढे.

मारितचा हात पोटाशी गेला. तिने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.