सतरा नंबरची तक्रार

गुडगाव-फरिदाबाद रस्त्यापासून आत, कीकरच्या झाडांमधून जाणाऱ्या पायवाटेवर, मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझ्या नव्याकोऱ्या मोटरसायकलची चेन तुटली. वेग ताशी बारा किलोमीटर होता, म्हणून मी पडले नाही. माझ्या मैत्रिणीची, हेमांगीची अशीच गाडी, अशीच चेन महिन्याभरापूर्वी तुटली तेव्हा वेग चाळीस होता. तिच्या खांद्याचं हाड मोडलं. सर्व्हिस सेंटरच्या कागदावर कारण लिहून आलं – चालकाचा निष्काळजीपणा.

मला राग आला की मी ओरडत नाही, मोजायला लागते. त्याला माझी नोकरी जबाबदार असेल. फिजिक्समध्ये एमएस्सी करून मी ओखल्याच्या एका लॅबमध्ये लोकांच्या मोजपट्ट्या आणि वजनं खरी आहेत की खोटी, ते तपासते. त्या सकाळी मी धुळीत बसून चेनच्या कड्या मोजत होते. चौऱ्याहत्तरपर्यंत आले होते, तेवढ्यात झाडांमागून माझ्याच इंजिनचा आवाज आला.

मरुत ४००. माझीच गाडी, पण लाल नंबर प्लेटची. म्हणजे अजून न विकलेली, चाचणीसाठी बाहेर काढलेली, थेट कंपनीची.

"आला कंपनीचा जावई," मी हेल्मेटच्या आत पुटपुटले.

गाडी थांबली. स्वाराने हेल्मेट काढलं. घामाने केस कपाळाला चिकटलेले, नाकावर धुळीची रेघ, आणि डोळ्यांत... हसू?

"जावई नाही," तो म्हणाला, चक्क मराठीत. "पगारी नोकर. जयदीप."

माणसाला लाज वाटते तेव्हा राग दुप्पट होतो. "मग पगारी नोकर, हे बघा. नऊशे किलोमीटर झालेत फक्त. तुमची चेन आहे की शेवया?"

तो गुडघ्यांवर बसला. तुटलेली कडी त्याने बोटांत धरून उन्हाकडे फिरवली, एखादा दागिना बघावा तशी. "वंगण घालत होता ना?"

"काय?"

"वंगण. ल्यूब."

"अच्छा. हो, दर पाचशेला." वंगण हा शब्द मला माहीत नव्हता. मी दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली मुलगी. त्याला ते कळलं, आणि तो हसला नाही. या एका गोष्टीसाठी मी त्याला मनात एक गुण दिला.

"आणि चेनला ढील किती ठेवली होती?"

"मागच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढी. वीस मिलिमीटर. मी व्हर्नियरने मोजते."

त्याचे हात थांबले. फार तर दोन सेकंद. मग त्याने पाठीवरच्या बॅगेतून सुटी कडी काढली आणि चेन जोडून दिली. त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं, उन्हाने.

"तुमच्या कंपनीला मी सोडणार नाहीये," मी निघताना म्हणाले. "त्रेसष्ट जणांची मतं गोळा केलीत. वीस तक्रारी. आमच्या ग्रुपचे चाळीस जण महिनाअखेर स्पितीला निघालेत, याच गाड्यांवर."

"मला दाखवाल ती यादी?"

"कशाला? कचऱ्यात टाकायला?"

"वाचायला," तो म्हणाला.

*

पुढच्या रविवारी आम्ही कस्तुरबा गांधी मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या गेस्ट हाऊसच्या कँटीनमध्ये भेटलो. दिल्लीत मराठी माणसाला भांडायला याहून चांगली जागा नाही. भांडण थंड झालं तरी थालीपीठ गरम असतं.

मी यादी टेबलावर आपटली. "नंबर एक. एअर फिल्टर. दिल्लीच्या धुळीत तो दर आठवड्याला साफ करावा लागतो आणि तो काढायला अकरा स्क्रू. अकरा! सीट काढा, टाकी उचला, नवस बोला."

"टाकीखाली ठेवला की नदीतून जाताना पाणी जात नाही."

"यमुनेत कोण घालतंय गाडी?"

त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि समासात अगदी बारीक अक्षरांत लिहिलं – हे खरं आहे.

मी त्या अक्षरांकडे बघत राहिले. आमच्या लॅबमध्ये लोक चुकीच्या मोजपट्ट्या घेऊन येतात आणि तासभर वाद घालतात. हे खरं आहे असं लिहून देणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

"नंबर चार," मी जरा कमी आवाजात म्हणाले. "साइड स्टँडचा पाय इतका लहान की वाळूत रुततो. एक जण दोन महिने खिशात शहाबादी फरशीचा तुकडा घेऊन फिरतोय."

हे खरं आहे.

"नंबर नऊ. मागच्या चाकाच्या नटाला लागणारा पानाच टूलकिटमध्ये नाही. आणि जो पाना दिलाय, त्याचा नट गाडीवर नाही!"

यावर तो इतका हसला की शेजारच्या टेबलावरचे यूपीएससीवाले दोघं दचकले. "तो... तो पाना जुन्या मॉडेलचा आहे. हे भयंकर खरं आहे."

मी हसणार नव्हते. ठरवून आले होते. पण हसले.

असे तीन रविवार गेले. तो परभणीचा, मानेसरला एका खोलीत राहणारा, भाजीत मीठ किती घालायचं हे आईला फोन करून विचारणारा. सीटच्या उंचीवर आम्ही पाऊण तास भांडलो. "पाच फूट दोन इंचांच्या बाईने पाय कुठे टेकवायचे, आभाळात?" असं मी म्हणाले, आणि तो म्हणाला, "पाच फूट दोन? मला तर रागाच्या भरात तू सहा फूट वाटतेस." तुम्हीचं तू कधी झालं, ते मात्र मी मोजलं नाही. थालीपीठाचा शेवटचा तुकडा तो न बोलता माझ्याकडे सरकवायचा. मी न बघता खायचे.

यादीत सोळापर्यंत अकरा ठिकाणी त्याची पेन्सिल उमटली होती. सतरावर मात्र काही नाही. सतरा होती चेन. आठ जणांच्या चेन तुटल्या किंवा बेअरिंग गेल्या, आणि आठही जणांनी स्टिकरप्रमाणेच ढील ठेवली होती.

"सतरा?" मी विचारायचे.

"सतरावर नंतर बोलू."

तीन रविवार, तीन वेळा. तिसऱ्या वेळी त्याने माझ्या डोळ्यांत बघितलंसुद्धा नाही.

*

चौथ्या आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी, मी क्वार्टरसमोरच्या कडुनिंबाखाली गाडी लावली आणि पप्पांना तिच्यावर बसवलं. माझे पप्पा, अंबादासराव, एका सरकारी खात्यात सेक्शन ऑफिसर आहेत. वजन चौऱ्याऐंशी किलो.

"बसायचंच फक्त?" पप्पांनी विचारलं.

"हलू नका. तुम्ही आज वजन आहात."

रिकामी गाडी, ढील वीस. पप्पा बसले – आठ. मग एका हाताची झोळी सांभाळत हेमांगी त्यांच्यामागे बसली – शून्य. चेन तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ. आणि अजून खड्डा यायचाच होता.

कारण साधं होतं. ही डोंगरात चालवायची गाडी, तिचे शॉकअप लांब. वजन पडलं की मागचं चाक खूप वर येतं आणि चेन ताणली जाते. म्हणून उभ्या गाडीला ढील भरपूर हवी. मी पंचेचाळीसवर ठेवून पुन्हा मोजलं. दोघं बसूनही वीसच्या वर उरली. म्हणजे गाडी बरोबर होती, चेन बरोबर होती. आकडा चुकीचा होता.

शेजारच्या ब्लॉकमध्ये याच कंपनीची रस्त्यावरची साधी गाडी उभी असते. मी टॉर्च घेऊन गेले. तेच स्टिकर. तेच वीस. कोपऱ्यात तोच बारीक छपाई नंबर.

मी फोन केला. "सतरा. आत्ता ये."

तो आला तेव्हा पप्पा अजून गाडीवरच होते. "जय भीम, काका," तो चाचरत म्हणाला.

"जय भीम. ये बाळा. मी वजन आहे."

"हे स्टिकर कुणी पास केलं?" मी विचारलं.

तो स्टिकरपाशी वाकला.

"जयदीप."

"मी," तो म्हणाला. "साध्या गाडीची फाइल उघडली, नाव बदललं... आकडा बदलायचा राहिला. खाली माझी सही आहे."

कडुनिंबाची एक काडी टाकीवर पडली, तिचा आवाजही मला ऐकू आला.

"कधी कळलं?"

"तू वीस म्हणालीस तेव्हा. त्याच रविवारी."

"पंचवीस दिवस."

"दुसऱ्या दिवशी साहेबांना मेल केला. ते म्हणाले, नवी बॅच निघेपर्यंत तोंड बंद ठेव. मी... ठेवलं."

"आणि मला? मलाही मेल करायचा होता का?"

"तुला सांगितलं असतं तर तू पुढच्या रविवारी आली नसतीस."

माझा आवाज चढला. मी सहसा ओरडत नाही, पण त्या दिवशी तीन ब्लॉक्सच्या गॅलऱ्यांत लोक आले. "म्हणजे तुला माझ्यासोबत थालीपीठ खायला मिळावं म्हणून चाळीस जण त्या चेनवर बसून स्पितीला जाणार? हिच्याकडे बघ. बघ ना! हिच्या कागदावर निष्काळजीपणा लिहिलाय. कुणाचा होता तो?"

हेमांगी गाडीवरून हळूच उतरली. त्याने तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"श्रावस्ती, मी उतरू का?" पप्पांनी विचारलं.

"नाही!"

"बरं."

"जा तू," मी जयदीपला म्हणाले. "आणि ती पेन्सिल मोडून टाक."

*

त्या रात्री मी ग्रुपवर सगळे आकडे टाकले. उत्तरं आली ती अशी – 'मॅडम, कंपनीने छापलंय आणि तुम्ही वेगळं सांगताय?' 'स्टिकरप्रमाणे नसेल तर वॉरंटी जाते.' चाळीसपैकी दोघांनी चेन ढिली केली. कंपनीच्या तोंडून निघाल्याशिवाय कुणी ऐकणार नव्हतं.

शनिवारी मानेसरला कंपनीने रायडर्सची सभा ठेवली होती. आवारात चाळीस मरुत ओळीने उभ्या, दुसऱ्या दिवशी पहाटे निघायच्या तयारीत. मंडपात कुलर, लस्सी आणि सर्व्हिसचे मोठे साहेब. मी माइक घेतला. सोळा तक्रारी भराभर सांगितल्या, सतरावर थांबले आणि आकडे वाचले.

साहेब गोड हसले. "मॅडम, हमारे पास ऐसा कोई डेटा नहीं है। ये राइडिंग स्टाइल का मामला है।"

हेमांगीचा चेहरा पांढरा पडला. मी मंडपाच्या बांबूंच्या गाठी मोजायला लागले. एक, दोन, तीन...

मागच्या रांगेत खुर्ची सरकली.

जयदीप चालत पुढे आला. अंगात कंपनीचाच निळा शर्ट. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. फक्त माइकसाठी हात पुढे केला, आणि मी तो दिला.

"स्टिकर ग़लत है," तो म्हणाला. आवाज कापत होता, पण शब्द नाही. "बीस नहीं, पैंतालीस। ग़लती मेरी है, साइन मेरा है। कल कोई बीस पर नहीं निकलेगा।"

साहेब उठले, कुणीतरी माइक बंद केला. काही फरक पडला नाही. सगळे आवाराकडे निघाले होते.

तो आधी हेमांगीकडे गेला. "तो कागद आहे तुमच्याकडे?" तिने पर्समधून काढला. त्याने तो गाडीच्या सीटवर पसरला आणि माझ्याकडे वळला. "पेन आहे? पेन्सिल नको."

मी दिलं. निष्काळजीपणा या शब्दावर त्याने आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं – चूक चालकाची नाही, कंपनीच्या आकड्याची. खाली पूर्ण नाव, तारीख, सही.

"सॉरी म्हणून हाड जुळत नाही, मला माहितीय," तो म्हणाला.

"जुळतंय हळूहळू," हेमांगी म्हणाली. "तू आधी त्या चाळीस गाड्या कर. मग बघू."

तो पहिल्या गाडीपाशी बसला, नखांनी स्टिकर खरवडायला लागला. मी अजून रागात होते. हे नीट लिहून ठेवते, कारण नंतर लोकांना वाटतं की एका भाषणाने राग जातो. जात नाही. पण राग आला की मी मोजते. म्हणून व्हर्नियर काढला आणि चेनच्या पलीकडच्या बाजूला बसले.

"चव्वेचाळीस," मी म्हणाले.

त्याने नट फिरवला. "आता?"

"पंचेचाळीस. पुढची."

दुपारी तीनपर्यंत आम्ही एवढंच बोललो. ऊन पाठीवर भाजत होतं. त्याच्या बोटांना फोड आले, तेव्हा मी माझे ग्लव्हज त्याच्यासमोर टाकले – दिले नाहीत, टाकले. त्याला ते लहान होत होते. तरी त्याने घातले.

एकेचाळिसावी गाडी माझी.

"नोकरी?" मी विचारलं.

"सोमवारी कळेल. राग?"

"आहे."

"किती?"

"कमी व्हायला वेळ लागेल. आणि पुन्हा काही लपवलंस तर..."

"नाही लपवणार. आत्ताच एक सांगून टाकतो." तो पान्याकडे बघत होता. "मला तू आवडतेस. त्या रविवारपासून. शेवया म्हणालीस तेव्हापासून."

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते एकदम देण्यासारखं नव्हतं. मी व्हर्नियर त्याच्या हातात दिला आणि गाडीवर बसले. "मोज."

"अडतीस."

"दोघं बसले तर किती, ते मॅन्युअलमध्ये नाहीये."

त्याने पाना खाली ठेवला.

"बस ना. मोजायचंय."

तो मागे बसला, जपून, मध्ये चार बोटांचं अंतर ठेवून. शॉकअप खाली गेले. अंतर आपोआप दोन बोटं झालं.

"आता मोजणार कोण?" त्याने विचारलं.

हेमांगी पुढे आली. झोळीतला हात सावरत ती धुळीत गुडघ्यावर बसली आणि त्याच्या हातातून व्हर्नियर घेतला. "हलू नका दोघं," ती म्हणाली. तिने चेन वर उचलली, खाली सोडली, पुन्हा उचलली. उगाचच जास्त वेळ लावत होती.

"चोवीस," ती शेवटी म्हणाली. "दोघांचं वजन धरून पुरेशी आहे. पण दर पाचशेला तपासा."