आठ रविवार आणि एक आरसा

बस वळली आणि मास्तरीणबाईंची मोटरसायकल फुटपाथला घासत थांबली. पडली नाही, एवढंच नशीब.

ती मोटरसायकल शिकवायची, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणायचे. रस्त्यावर ठळक दिसायचं कसं, हाच तिचा हातखंडा विषय. पिवळंधमक जॅकेट, हेल्मेटवर चमकती पट्टी, भरदिवसाही चालू ठेवलेला हेडलाइट... आणि तरी एका बसने तिला कडेला दाबावं? शेवटच्या थांब्यावर, बस रिकामी झाल्यावर, तिने ड्रायव्हरला गाठलंच.

"एवढं पिवळं माणूस दिसत नाही तुम्हाला?"

तो खाली उतरला. चेहरा पांढराफटक पडला होता. "लागलं का कुठे?" त्याने आधी तेच विचारलं. मग चाचरत म्हणाला, "खरंच नाही दिसलात. हवं तर... माझ्या सीटवर बसून बघा."

ती तावातावाने वर चढली. त्याने तिची मोटरसायकल ढकलत दाराच्या जरा मागे नेली, मघाशी ती होती तिथेच. आरशात बसची लांबलचक कड होती, फुटपाथ होता, एक आळसावलेलं कुत्रं होतं. मोटरसायकल नव्हती. सहा फुटी ड्रायव्हरही नव्हता.

मास्तरीणबाईंचा सगळा राग ओसरला आणि त्याच्या जागी शरम आली. दुनियेला शिकवणारी ती, स्वतःच नको तिथे घुसली होती.

"रविवारी ही बस आणाल का?" तिने विचारलं. "माझ्या विद्यार्थ्यांना ही सीट दाखवायचीय."

"डेपोने परवानगी दिली तर आणतो," तो म्हणाला. "आणि तुम्ही ओरडणार नसाल तर."

परवानगी मिळाली, आठ रविवारांची.

डेपोच्या मागच्या आवारात वर्ग भरायचा. एकेक विद्यार्थी ड्रायव्हरच्या सीटवर बसायचा, ती मोटरसायकल ढकलत बसच्या कडेने चालायची आणि "आरशातून गेल्या!" अशी आरोळी आली की ड्रायव्हर तिथे खडूने रेघ मारायचा. "आरशात ड्रायव्हरचे डोळे शोधा," ती बजावायची. "तुम्हाला ते दिसले, तरच तुम्ही त्याला दिसता. नाही दिसले, तर मुकाट्याने मागे राहा."

खडू द्या, रेघ झाली, बरोबर ना मॅडम... त्याचं बोलणं एवढंच. मधली सुट्टी झाली की ती भिंतीजवळच्या बाकड्यावर बसायची. शेजारी हेल्मेट ठेवलं तरी आणखी एक माणूस मावेल एवढी जागा उरायची. पण हा गृहस्थ थर्मास घेऊन थेट बसमध्ये, आपल्या केबिनमध्ये! तिला ते फार लागायचं. कारण एव्हाना तिला तो मनापासून आवडायला लागला होता.

"तू त्याच्यावर जीव टाकतेस हे बसच्या टायरांनासुद्धा कळलंय," ताई म्हणायची. वर्गाची कागदपत्रं तीच सांभाळायची. आठव्या रविवारी सकाळी तिने पुढच्या रविवारांसाठीचा नवा अर्ज धाकट्या बहिणीच्या हातात ठेवला. "आज द्यायचाय. 'हवा असलेला चालक' ही जागा भर. नाहीतर उद्यापासून त्याला लांबच्या फेरीवर घालतील. मग बस रड."

"त्यालाच नको असेल तर? उगाच त्याचे रविवार कशाला अडवू?"

अर्ज तसाच कोरा बॅगेत गेला. आणि तो? तोही त्या दिवशी इतका गडबडलेला, की छातीवरचा बिल्ला घरीच विसरून आला होता.

मधल्या सुट्टीनंतर वर्गातले साठीला टेकलेले सुतारकाका सीटवर बसले आणि त्यांनी हाक मारली, "मॅडम, हा आतला आरसा बिघडलाय. यात प्रवासी दिसायला हवेत ना? यात तर खिडकीतून ते बाकडं दिसतंय."

ती वर चढली. वाकून पाहिलं. बाकडं, त्यावर तिची पाण्याची बाटली, तिचं हेल्मेट. अगदी मधोमध.

ड्रायव्हर दारात उभा होता. कान लालबुंद झाले होते.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दुसऱ्या रविवारपासून... गाडी उभी असतानाच फिरवतो हं. सुट्टी संपली की लगेच सरळ करतो. आज तेवढं राहिलं."

"आणि बाकड्यावर येऊन बसायला काय झालं होतं?"

"तिथे आलो असतो, तर तुमच्याकडे बघायची हिंमत झाली नसती."

"मी जरा टायर बघून येतो," म्हणत सुतारकाका शहाण्यासारखे उतरले.

तिने बॅगेतून अर्ज काढला, स्टिअरिंगवर टेकवला आणि चालकाच्या जागी एका दमात पाच आकडे लिहिले. तो वाकून बघत राहिला.

"हा तर माझा बिल्ला नंबर," तो हळूच म्हणाला. "पण बिल्ला आज घरी आहे. बघितलात कुठे?"

आता तिचे कान तापले.

"पाठ आहे," ती म्हणाली. "मला तुम्ही आवडता. केव्हाच सांगायला हवं होतं... आणि आता ते 'मॅडम' पुरे."

अर्ज डेपोच्या खिडकीत देऊन ती परत आली, तेव्हा वर्ग पांगला होता. ती बाकड्यावर बसली आणि इतक्या रविवारांत पहिल्यांदाच तिने मान वर करून बसच्या खिडकीतून आतल्या आरशात पाहिलं. त्याचे डोळे तिथेच होते. ती हसली, तेही हसले.

मग आरसा रिकामा झाला. थर्मास आणि दोन कप घेऊन तो पायऱ्या उतरत होता. तिने शेजारचं हेल्मेट उचलून मांडीवर घेतलं.