पाचच मिनिटं

दिवा नको लावूस रे, किडे येतील. बसा असेच अंधारात. किड्यांवरूनच एक आठवलं. ऐकीव नाही, आमच्या मेहुण्यांच्या बाबतीत घडलेलं आहे.

झाडं आतून पोखरणाऱ्या किड्यांवर त्यांचं संशोधन. त्यासाठी ते एका कोरड्या रानात जायचे, तिथे उभी झाडं वाळत चालली होती. तीन वर्षांपूर्वी, एप्रिलच्या अमावस्येला, ते नेहमीसारखी पांढरी चादर टांगून, तिच्यापुढे दिवा लावून बसले. चांदणं नसलं की किडे जास्त येतात. सोबत फक्त जीपचा ड्रायव्हर. त्याला सगळे 'चलाचला' म्हणत. एरवी तो दर थोड्या वेळाने हसत मागून यायचा, मेहुण्यांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवायचा.

"चला साहेब, घरी दार लावून घेतील."

"पाचच मिनिटं."

"तुमची पाच मिनिटं कॅलेंडरवर मोजावी लागतात."

त्या रात्री मात्र तो हसला नाही. "साहेब, छातीत दुखतंय. दवाखान्यात जाऊ या."

नेमका तेव्हाच चादरीवर हवा तो भुंगा बसला होता. सगळा उन्हाळा त्याच्याच मागे गेलेला. मेहुणे चिमटा पुढे करत म्हणाले, "जीपमध्ये जरा पडा. आलोच, पाचच मिनिटं."

तो जीपकडे गेला.

बऱ्याच वेळाने खांद्यावर हात पडला.

"आलो हो."

हात निघेना.

"अहो, आलो म्हटलं ना..."

हात जड झाला. गार. तसल्या उकाड्यात गार.

मेहुणे वळले. मागे कोणी नाही.

हात... होताच.

ते जीपकडे धावले. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेला. श्वास चालू होता. बारीक. फोनला रेंज नाही. मेहुण्यांना गाडी येत नाही. त्याला बाजूला सरकवून त्यांनी किल्ली फिरवली. जीपने हिसका दिला. बंद पडली. पुन्हा फिरवली. पुन्हा बंद...

उजाडायच्या आत श्वास थांबला.

खांद्यावरचं वजन तेव्हा उतरलं.

...

त्या रात्री अंगात होता तो शर्ट? आहे ना, आतल्या कपाटात. मेहुणे घालत नाहीत, टाकूही देत नाहीत. बहिणीने तो धुवून वाळत घातला आणि रात्री दोरीवरच विसरली, बाहेरच्या दिव्याखाली. सकाळी मीच काढायला गेलो. पांढरा शर्ट किड्यांनी काळा झालेला.

उजव्या खांद्यावर तेवढी पाच बोटांची जागा कोरी. एक किडा नाही तिथे.

नंतर दोनदा धुवून पुन्हा दिव्याखाली टांगला. अजून तसंच.