दहा हजार सात खोडं

धुळ्याच्या कॉलेजात मी उभा जन्म गणित शिकवलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि भाच्यांच्या भांडणात नाक खुपसणाऱ्या मामावर तर मुळीच नाही. तरी चोपड्याजवळ बहिणीच्या गावी गेलो. दाजी वारले होते, प्रेमराज आणि कुंदनला केळीची बाग वाटून हवी होती, आणि तानुअक्काने फोनवर रडून रडून जीव नकोसा केला. "एकमेकांच्या जिवावर उठलेत रे दोघं. तुझं तरी ऐकतील."

मोजलेल्या खोडाला चुन्याचं बोट लावायचं ठरलं. प्रेमराजचं बोट लगेच ओळखू यायचं. कडबाकुट्टीत त्याची तर्जनी अर्धी गेली होती. संध्याकाळी आकडा आला, दहा हजार सात.

"घ्या! नेमकी मूळ संख्या," मी म्हणालो. "दोघांत वाटली तर एक उरतं. तुमची बहीण म्हणून दिपमालाला धरलं तर दोन. अक्कालाही धरलं तर तीन. धनी एकच असला तरच हिचा हिशोब जमतो."

कुंदन माझ्याकडे बघत राहिला.

आमच्याकडे भाऊवाटणीत उरलेली वस्तू कुणालाच देत नाहीत, मोडून टाकतात. पुढे कुरबूर नको. म्हणून शेवटच्या अपुऱ्या ओळीतलं कडेचं खोड कुंदनने कोयत्याने छाटलं. केळीचा चीक पाण्यासारखा निघतो, मग कपड्यावर काळा पडतो. हा निघतानाच लाल होता. हाताला कोमट लागला.

"रोग असेल," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी प्रेमराजने हट्टाने पुन्हा मोजायला लावलं. दहा हजार सात. बुंध्यातून नवं पिल फुटलं म्हणावं, तर कडेचं खोड पुरुषभर उंच, घडासकट उभं. आणि बागेत बिनचुन्याचं एकही खोड नव्हतं.

"हाई तुनंच काम शे!" प्रेमराज ओरडला.

"मनं? मामाले ईचार!"

कुंदन तोडत सुटला. खोडांचा खच पडला, बांधापर्यंत लाल चिखल झाला. आम्ही परत मोजलं.

दहा हजार सात.

"धनी एकच पाहिजे ना, मामा?" कुंदनने अगदी शांतपणे विचारलं.

कोयता प्रेमराजच्या मानेत गेला.

दुसरा घाव हातावर. तिसरा मी पाहिला नाही, ऐकला. माझ्या तोंडावर उडालं ते तितकंच कोमट होतं.

पोलीस कुंदनला घेऊन गेले. अक्का माझ्या छातीवर मुठी आपटत होती. "मोज आता! मोज की, मेल्या!"

मोजलं. तिच्यासाठी मोजलं.

दहा हजार आठ. दोघांत वाटा, तिघांत वाटा, चौघांत वाटा. बाकी शून्य.

कडेच्या खोडाशेजारी आणखी एक उभं होतं. त्याच्यावरचा चुना अजून ओला होता. बोट अर्धं होतं.