कुसुमताईंच्या हातचं

कुसुमताई सावरबांधे खुर्चीत बसल्या त्या दोन्ही हात पदराखाली घेऊनच. बोलणं संपेपर्यंत त्यांनी ते बाहेर काढले नाहीत. केयूरला वाटलं, बाईंच्या हाताला काहीतरी लागलं असावं.

रामदासपेठेत दवाखान्यांच्या गर्दीत, एका औषधाच्या दुकानावर भैरवी पांढरीपांडेचं खाजगी तपासाचं ऑफिस होतं. केयूर तिचा मावसभाऊ, वयाने मोठा. विमा कंपनीतली नोकरी सोडून तिच्या मदतीला आला होता. माणूस सरळ आणि कष्टाळू, पण त्याची अक्कल बैल गेल्यावर झोपा करणारी. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा, त्यामुळे दुसऱ्या कोणाला सांगायची सोय राहिली नव्हती.

"मॅडम, माह्या हातचं खाऊन माणूस गेला," कुसुमताई म्हणाल्या. "पोलीस म्हणतात, पेपरवाले म्हणतात. आता मलेबी तसंच वाटून राहिलं. खरं असंल तर मी पुन्हा गॅसपाशी उभी राहणार नाही. एवढंच सांगा जी, खरं आहे का नाही."

डॉ. अनंत देशकर यांचं प्रकरण शहरात सगळ्यांना ठाऊक होतं. एका खाजगी संशोधन संस्थेत ते अन्नातून पोटात जाणाऱ्या जिवाणूंचा अभ्यास करत. साल्मोनेला हा त्यांचा मुख्य विषय. ज्याचा त्यांनी जन्मभर पिच्छा पुरवला, त्याच जिवाणूने त्यांचा जीव घेतला. दुपारी कुसुमताईंचा डबा खाल्ला, रात्री ताप चढला आणि पहाटे दवाखाना गाठावा लागला. तिथून ते घरी परत आले नाहीत. डब्यात उरलेल्या वांग्याच्या भरतात साल्मोनेला सापडला आणि त्यांच्या रक्तातही सापडला. कुसुमताईंच्या खानावळीला सील लागलं आणि हलगर्जीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा त्यांच्यावर दाखल झाला.

"त्या दिवशी बाकीच्यांच्या डब्यात काय होतं?" भैरवीने विचारलं.

"तेच भरीत जी. सगळ्याईले तेच. आम्हीबी तेच खाल्लं. कोणाले काही नाही झालं. पण ठाणेदारसाहेब म्हणतात, त्याच एका डब्याले तुहा घाण हात लागला असंल."

"देशकर सरांना तुमचं जेवण आवडायचं?"

"कधी नावं नाही ठेवली. एखादवेळी एखादा कप्पा जसाच्या तसा वापस ये. मी म्हणलं, काहून बरं सर? तर हसत. म्हणत, पोट भरलं ताई. लय भिडस्त माणूस." त्यांनी पदराखालचे हात आणखी आत ओढले. "त्याईच्या घरच्या बाईनं मले भर चौकात शाप देला. मी काय बोलू? मान खाली घालून उभी राहिली."

त्या गेल्यावर केयूर म्हणाला, "भैरवी, यात रहस्य कुठे आहे? भरतात तेच, रक्तात तेच. बाईची दया येते, पण दोन आणि दोन चारच होतात."

"होतात ना दादा. फक्त ते दोन कुठून आले, ते बघून येऊ."

*

उत्तराताई देशकर मौद्याच्या शाळेत शिकवत. पहाटेच्या बसने जावं लागे, म्हणून नवऱ्याला दुपारचा डबा बाहेरचा. त्यांच्या त्रिमूर्तीनगरच्या घरी दारातच त्यांनी विचारलं, "तुम्ही त्या बाईकडून आलात ना? मग माझ्यापाशी बोलण्यासारखं काही नाही."

"मी खरं काय ते बघायला आले," भैरवी म्हणाली. "ते तिच्या विरुद्ध निघालं, तरी आधी तुम्हालाच सांगेन."

उत्तराताई बाजूला झाल्या.

"आजारी पडायच्या आदल्या दिवशी ते कसे होते?"

"उशिरा आले, गप्प गप्प. दसऱ्याला घेतलेला निळा शर्ट, त्यावर पुढून पांढरे डाग. मी चिडले. म्हणाले, साफसफाईची बाटली सांडली." त्या खिडकीकडे बघत राहिल्या. "आमचं धड बोलणं झालं ते शेवटचं. आणि मी शर्टावरून भांडले."

भैरवीने हळूच विचारलं, "जेवणाखाण्याचं काही पथ्य?"

"मधुमेह होता. आणि चातुर्मास कडक. कांदेनवमीला भजी खाल्ली की कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण, वांगं वर्ज्य. मी चिडवायचे, शास्त्रज्ञ ना तुम्ही? म्हणायचे, आईला शब्द दिलाय, त्यात शास्त्र कशाला. कोणाला सांगायचेही नाहीत. उगाच आपल्यासाठी कोणी वेगळं रांधायला नको म्हणून."

"दवाखान्यात कोण कोण यायचं?"

"सुभेदार सर रोज. संचालक असून उशाशी बसायचे. नारळपाणी आणायचे, डॉक्टरांशी तेच बोलायचे. मला त्यातलं काय कळतं? देवमाणूस आहेत."

खाली आल्यावर भैरवीने केयूरला दवाखान्यात पिटाळलं. तिथल्या डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितलं. सोबतचे लोक म्हणाले की डब्यातलं बाधलं, म्हणून त्यांनी अशा वेळी देतात ते नेहमीचं औषध सुरू केलं. ते लागू पडलं नाही. रक्तातल्या जिवाणूवर कोणतं औषध चालतं हे कळायला वेळ लागला, आणि तोवर विष रक्तात भिनलं होतं.

"म्हणजे डॉक्टरांची चूक?" केयूर म्हणाला.

"त्यांना जे सांगितलं, त्यावर ते चालले," भैरवी म्हणाली.

*

संस्थेत पहिली भेटली नूपुर, देशकरांची संशोधक विद्यार्थिनी. ती घाबरलेली होती. आणि तिचं देशकरांशी एका शोधनिबंधावरून वाजलं होतं, हे केयूरला शिपायाकडून आधीच कळलं होतं. केयूरने मनात तिलाच गुन्हेगार करून टाकलं.

"तुमच्याकडे जिवंत साल्मोनेला असतो?" त्याने दरडावूनच विचारलं.

"असतो ना. मौद्याकडच्या कोंबड्यांच्या फार्मवरून आणलेला आहे. नेहमीच्या औषधाला दाद देत नाही, म्हणूनच तर आम्ही त्याच्यावर काम करतो. पण तो कुपीत बंद, गोठवलेला. सर स्वतः फार काळजी घ्यायचे."

"हा जिवाणू पोटात गेला की माणूस लगेच आजारी पडतो?" भैरवीने विचारलं.

"नाही. आधी तो आतड्यात वाढतो, मग ताप. दुपारी खाल्लं तर लवकरात लवकर रात्री, नाहीतर दुसऱ्या दिवशी. सरांचं तसंच झालं ना."

"त्या दिवशी सकाळी सर कसे होते?"

"नेहमीसारखेच. थोडे थकलेले. चहा नको म्हणाले." नूपुर आठवू लागली. "हां, पंखा बंद करायला लावला. बाहेर ही ऑक्टोबरची उन्हं, आम्ही घामाने निथळून राहिलो, अन् सर म्हणतात, बंद कर गं जरा. मला वाटलं, झोप झाली नसेल. दुपारी नेहमीसारखे आमच्यासोबत जेवले, अन् थोड्या वेळाने घरी जातो म्हणाले. तसेच गेले, डबा टेबलावर ठेवून."

"आणि आदल्या दिवशी?"

"मी नव्हते. खाप्याला घरी गेले होते. परत आले तर फिरकीयंत्राची खोली बंद. नळ्या गरगर फिरवून जिवाणू तळाशी बसवायचं मशीन असतं ना, त्याची. सुभेदार सर म्हणाले, दुरुस्तीला गेलं. खोलीबाहेर ब्लीचिंगचा असा वास की डोळे चुरचुरत होते."

डॉ. वामनराव सुभेदार यांची केबिन थंडगार होती. टेबलावर कापलेल्या पपईची बशी. मृदू आवाजाचा, दमलेला माणूस. केयूरला तो पाहताक्षणी आवडला.

"तुम्ही आणि देशकर किती वर्षं एकत्र?" भैरवीने विचारलं.

"संस्था सुरू झाली तेव्हापासून. माझा उजवा हात होता तो."

"दुपारी एकत्र जेवायचात?"

"छे. मी दुपारी फळं खातो, इथेच. जेवणाच्या टेबलावर संचालक गेला की पोरांची तोंडं बंद होतात."

"डबा तुमच्याच ताब्यात होता ना?"

"हो. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला, तेव्हा मीच तो त्यांच्या टेबलावरून उचलून फ्रीजमध्ये ठेवला. मग अन्न निरीक्षकांना दिला. पोळी, वरण, भात संपलं होतं. भरीत तेवढं उरलं होतं."

"अर्धं खाल्लेलं?"

"आता ते मोजून कोण बघतं, मॅडम? उरलेलं म्हणजे खाऊनच उरलेलं."

भैरवीने मान डोलावली आणि आभार मानले. बाहेर आल्यावर केयूर म्हणाला, "मी सांगतो, ती पोरगी. चेहरा बघितलास तिचा?"

"चेहरा बघितला. जिचे सर गेले तिचा चेहरा असाच असतो, दादा. ठाणेदारांना फोन लाव. इथला फ्रीजर आजच सील झाला पाहिजे."

*

जिवाणूंची तुलना करून मुंबईच्या एका प्रयोगशाळेचं उत्तर आलं, त्या दुपारी संस्थेच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले. सुभेदार, नूपुर, उत्तराताई आणि ठाणेदार. कुसुमताई आत यायला तयार नव्हत्या. भैरवीने त्यांना हाताला धरून आणलं. उत्तराताईंनी मान वळवली.

"या प्रकरणात सगळ्यांनी एकच गोष्ट धरून ठेवली," भैरवीने सुरुवात केली. "भरतात जिवाणू, रक्तात तोच जिवाणू, म्हणजे भरतातून रक्तात. पण देशकर सरांनी ते भरीत खाल्लंच नव्हतं."

उत्तराताईंनी चमकून तिच्याकडे पाहिलं.

"चातुर्मास होता. वांगं नाही, कांदा नाही. उत्तराताईंनी मला हे सांगितलं, पण डब्यात काय उरलं होतं, त्याकडे त्यांचं लक्ष जाण्यासारखी मनःस्थिती नव्हती. कुसुमताईंना चातुर्मासाचं माहीत नव्हतं. त्यांना फक्त एखादा कप्पा भरलेलाच परत यायचा हे माहीत होतं. त्या दिवशीही पोळी, वरण, भात संपलं आणि भरीत राहिलं, कारण त्याला हातच लागला नव्हता. शिवाय तेच भरीत शहरात कितीतरी लोकांनी खाल्लं आणि पचवलं. मग याच कप्प्यात जिवाणू आला कुठून? कोणीतरी मागाहून टाकला."

"हा तर्क झाला," सुभेदार शांतपणे म्हणाले.

"हो सर. म्हणून पुढचं ऐका. नूपुर, सरांनी पंखा बंद करायला लावला तो केव्हा?"

"सकाळी, चहाच्या..." नूपुर थांबली. तिचा हात तोंडावर गेला. "डबा यायच्या आधी! त्यांना थंडी वाजत होती. अन् माझ्या लक्षातच आलं नाही."

"ताप आधी आणि डबा नंतर. आणि तूच म्हणालीस, जिवाणूला वाढायला वेळ लागतो. म्हणजे तो आदल्या दिवशी पोटात गेला. आदल्या दिवशी काय झालं? सरांच्या शर्टावर पुढून पांढरे डाग पडले. ब्लीचिंग सांडलं की रंग असाच उडतो. त्याच दिवशी फिरकीयंत्राची खोली बंद झाली आणि तिथे ब्लीचिंगचा वास कोंडला होता. इतकं ब्लीचिंग माणूस कशासाठी ओततो? ठाणेदारांनी काल ते मशीन शोधून काढलं. दुरुस्तीला गेलेलं नव्हतं, मागच्या गोदामात ताडपत्रीखाली होतं. आत फुटलेल्या नळीच्या काचा आहेत. नळी फुटली, सरांनी झाकण उघडलं आणि ते पाणी त्यांच्या तोंडावर उडालं."

ठाणेदार म्हणाले, "मुंबईचा निकाल आला आहे. रक्तातला, भरतातला अन् इथल्या फ्रीजरमधल्या कुपीतला, तिन्ही एकच."

"इथल्या कुपीला हात लावू शकणारे दोघेच उरले होते," भैरवी म्हणाली. "नूपुर रोज सरांसोबत जेवायची. चातुर्मासात ते वांगं शिवत नाहीत हे तिने रोज डोळ्यांनी बघितलं होतं. पेपरात नुसतं 'डब्यातलं अन्न' आलं, भरताचं नाव नव्हतं, म्हणून ती काही बोलली नाही. तिने टाकला असता तर वरणाच्या कप्प्यात टाकला असता. ही चूक त्या माणसाची, जो इतकी वर्षं एका छपराखाली राहिला, पण देशकरांच्या पंगतीला एकदाही बसला नाही. उरलेलं म्हणजे खाऊनच उरलेलं, असं तुम्हीच म्हणालात ना, सर?"

सुभेदारांनी चष्मा काढला. बराच वेळ ते तो पुसत राहिले.

"अनंत कधीपासून नवीन मशीन मागत होता," अखेर ते म्हणाले. "मी पुढे ढकलत गेलो. महिन्यावर तपासणी आली होती. ही गोष्ट बाहेर पडली असती तर संस्थेला टाळं लागलं असतं. मी त्याला म्हटलं, कोणाला बोलू नकोस. तो बोलला नाही, आणि दवाखान्यात पोचला तेव्हा तापाने धड शुद्धीवरही नव्हता. मला वाटलं, बरा होईल. जुलाब, ताप, चार दिवसांत माणूस उठतो."

"डबा विटाळलात, तो गुन्हा मोठाच," भैरवी म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "पण त्याहून मोठा दुसरा आहे. हा जिवाणू नेहमीच्या औषधाला दाद देत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. डॉक्टरांना नव्हतं. तुम्ही रोज त्यांच्याशी बोलत होतात."

केयूरला आता कुठे उलगडलं. ज्याला तो पाहताक्षणी भला समजला होता, तो हा माणूस.

उत्तराताई उठल्या. टेबलाला धरून त्या सुभेदारांसमोर उभ्या राहिल्या.

"तुम्ही त्यांच्या उशाशी बसायचात," त्या म्हणाल्या. "ते तापात बडबडायचे, तुम्ही कपाळावर पट्टी ठेवायचात. चुकीचं औषध चाललंय हे तुम्हाला दिसत होतं. आणि मी तुमच्या पाया पडत होते."

सुभेदारांनी मान वर केली नाही. ठाणेदारांनी त्यांना उठवलं आणि ते निमूट चालू लागले.

खोली रिकामी झाली, तरी कुसुमताई जागच्या हलल्या नव्हत्या. भैरवी त्यांच्यापाशी गेली. "ताई, तुम्ही विचारलं होतं ना? खरं नव्हतं ते. तुमच्या हातात काही दोष नव्हता. उद्या सील निघेल."

बाईंचा चेहरा उजळेल म्हणून केयूर बघत होता. तसं काही झालं नाही.

"मंग त्या साहेबानं दवाखान्यात तेवढं एक सांगितलं असतं," कुसुमताईंनी विचारलं, "तर सर वाचले असते?"

भैरवीने त्यांचा हात हातात घेतला.

"बहुतेक वाचले असते, ताई."

कुसुमताई तिथेच खाली बसल्या आणि रडू लागल्या. स्वतःवर आळ होता तेव्हा त्यांच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. ते रडणं देशकर सरांसाठी होतं, हे कोणालाही कळलं असतं. उत्तराताई दारातून मागे फिरल्या आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या.

"मी तुम्हाला भर चौकात शाप दिला," त्या म्हणाल्या.

"तुमचा माणूस गेला होता वं माय," कुसुमताई म्हणाल्या. "शाप कोणाले तरी द्याच लागत होता."

केयूरने दार हळूच ओढून घेतलं आणि तो भैरवीबरोबर बाहेर पडला.